दर्भाचा कावळा

पाणबुडीच्या साहेबास,

तुम्हाला नमस्कार लिहीत न्हाय. माझा इंद्रजित तुमच्या अणुपाणबुडीत समुद्राखाली असताना इकडं जळकोटात त्याचे वडील वारले. फेरी संपंस्तोर पोराला सांगायचं न्हाय, हा कसला तुमचा हुकूम? त्याच्यासंगट जेवताना घास कसा उतरला तुमच्या घशाखाली? दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. पोरात जीव अडकला होता त्यांचा! शेवटी दर्भाचा कावळा करून शिवविला.

इथवर लिहिलं अन् इंद्रजित दारात आला. रडून झाल्यावर म्हणला, "आये, साहेबांची आईबी तवाच गेली. त्यांनाबी किनाऱ्याला लागल्यावरच कळलं."

आता म्या शिव्या कुणाला घालू? हे पत्र टाकत न्हाय. तुमच्या आईच्या पिंडाला तरी खरा कावळा शिवला का वो, साहेब?

इंद्रजितची आई,
कमलबाई