पातेल्यातलं, पानातलं नाही

१९ ऑगस्ट, मंगळवार
विमलच्या वाढदिवसाचं जेवण कोपऱ्यावरच्या डायनिंग हॉलमध्ये. आम्ही दोघी मैत्रिणीच. तिच्या यजमानांना दुपारची झोप वाढदिवसापेक्षा प्यारी. उशिरा गेलो, त्यामुळे शेवटचं गिऱ्हाईक आम्हीच. हात धुवायला मागे गेले तर तिथे एक माणूस बटाट्याची भाजी पिंपात ओतत होता. वाफ येत होती भाजीला. विचारलं, कुठे जाते ही? "डुकरांना." रोज? तो नुसता हसला.
ह्यांची आवडती भाजी. असो.
घरी आल्यावरही तेच डोक्यात. रोज किती उरत असेल? का उरतं? कमीच का करत नाहीत?

२१ ऑगस्ट, गुरुवार
मालकांना जाऊन विचारलं. देवधर नाव. पन्नाशीचे, गल्ल्यावरून उठत नाहीत.
"काकू, उद्यापासून डबा घेऊन या. तुमचं रात्रीचं भागेल."
म्हटलं, माझ्या एकटीचं काय लागतंय. पिंपभर कुणाकुणाला पुरेल ते विचारतेय.
मग जरा नीट बोलले. कमी करता येत नाही. शेवटच्या गिऱ्हाइकालाही थाळी भरलेलीच दिसावी लागते, नाहीतर ते पुन्हा येत नाही. म्हणजे उरणारं अन्न हा शोभेचा भाग आहे. हे मला माहीत नव्हतं.
भीती एकच. कुणाचं पोट बिघडलं तर पाटी त्यांची खाली येणार. "डुकरं तक्रार करत नाहीत."
म्हटलं, मी रोज आधी खाईन, मगच नेईन.
"आणि तुम्हालाच काही झालं तर?"
"तर तुमचं एक गिऱ्हाईक कमी होईल."
हसले. सोमवारपासून या म्हणाले.

२३ ऑगस्ट, शनि.
न्यायचं कुठे, हा प्रश्न पडलाच नाही. हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली. पेशंट आत, नातेवाईक बाहेर. मी स्वतः बसलेय तिथे. हे आतून विचारायचे, "जेवलीस?" मी उपाशीच मान हलवायचे.
वाचनालयातून आहारशास्त्राचं पुस्तक आणलं. अर्धं कळलं. सगळ्यात लबाड भात. भाजी आंबली की वास तरी मारते, भात काही बोलत नाही. म्हणजे भात गरम असतानाच न्यायचा, नाहीतर नाहीच.
माळ्यावरून मोठे डबे काढले, पळी काढली. सगळ्यांवर ह्यांचं नाव कोरलेलं. वास्तुशांतीची भांडी. तेव्हा हसले होते मी, पळीला कोण नाव घालतं म्हणून.

२५ ऑगस्ट, सोम.
पहिला दिवस. विमलची स्कूटर, डबे तिच्या पायापाशी, पळी माझ्या पिशवीत. विमल म्हणाली, माझ्यासारख्या निवृत्त मुख्याध्यापिकेला डबेवाली केलीस.
शेडखाली कुणी पुढे येईना. सगळे बघत होते, हात कुणाचा हलत नव्हता. मग एक बाई उठली. करमाळ्याकडची, सुभद्राबाई. नवरा अतिदक्षता विभागात, शेतातून येताना गाडीवरून पडला. तिने झाकण उघडलं, वास घेतला.
"उष्टं हाय का?"
"पातेल्यातलं आहे, पानातलं नाही. मी आत्ताच जेवून आलेय यातलं."
"तुमी बी?"
"मी आधी."
तिने ताट पुढे केलं. मग बाकीचे आले.

३० ऑगस्ट, शनि.
आता वाट बघतात. उशीर झाला तर सुभद्राबाई म्हणते, "मास्तरीणबाईंच्या गाडीला बैल जोडा." विमलला हे फार आवडलं नाही.
काय उरतं त्याचा नाद लागलाय. कारलं, दोडका नेहमी. पावसाच्या दिवशी ताक. गणपतीत मोदक औषधालाही नाही. माणसं काय खातात यापेक्षा काय टाकतात हे बघण्यात जास्त गंमत.
सुभद्राबाईचा नवरा बोलू शकत नाही, घशात नळी आहे. तिला आत सोडलं की बोटं ओठांकडे नेतो. जेवलीस का, असं. "आता मी व्हय म्हंती. आन् खरं म्हंती."
हे ऐकून रिकामे डबे उगाच दोनदा मोजले. विमलने विचारलं नाही. बरं झालं.

९ सप्टेंबर, मंगळवार
काय केलं मी हे.
पितृपक्ष लागला. देवधरांकडे श्राद्धाच्या पानांच्या ऑर्डरी, कुणाला घरी करायला वेळ नाही. त्यामुळे आज खीर उरली, वडे उरले, आमसुलाची चटणीसुद्धा. मी खूश. इतके दिवस दोडका नेतेय, आज गोड. एवढाच विचार केला. पुस्तकं वाचते मी, आणि एवढाच विचार केला.
सुभद्राबाईने झाकण काढलं. वडा बघितला, खीर बघितली. हात मागे घेतला.
"कुणाचं हाय ह्ये?"
म्हटलं, हॉटेलचं, रोजच्यासारखंच.
"वडं-खीर हाय. पंधरवडा चालू हाय. माझा मानूस आजून आत हाय, मावशी."
मी तिथेच उभी राहून एक वडा खाल्ला. काही उपयोग नाही. भीती पोटाची नव्हतीच. एकेक जण उठून भिंतीच्या पलीकडे गेला. एक म्हातारे तर हात जोडून गेले.
डबे भरलेले परत. देवधर गल्ल्यावरून उठले. पिंपाचं झाकण स्वतः उघडून धरलं.

१० सप्टेंबर, बुध.
साधी पोळी-भाजी नेली. कोणी आलं नाही. सुभद्राबाई पाठ करून बसली होती, हातात वडापावचा कागद. तिला एक वडापाव दिवसभर पुरतो, हे मला माहीत आहे.
विमल म्हणाली, चार दिवस जाऊ दे, पंधरवडा संपला की येतील. पण तोवर सुभद्राबाई नवऱ्याला काय सांगणार?

११ सप्टेंबर, गुरु.
आज डबे न घेता गेले. सुभद्राबाईशेजारी बसले. म्हटलं, रागवायला नाही आले, विचारायला आलेय.
म्हणाली, "तुमी मानसं चांगली. पन तुमच्या कपाळाला काय न्हाई. ह्या दिसांत तुमच्या हातनं घ्याचं म्हंजी..." पदराने तोंड पुसलं.
मला राग यायला हवा होता. नाही आला. नवल वाटलं. दोन आठवडे याच हाताने वाढत होते तेव्हा कपाळ दिसलं नव्हतं, वड्याने दाखवलं. तेच तर विचारलं तिला. म्हणाली, "तवा भूक दिसत व्हती. आता भ्या दिसतंय."
मग तिनेच विचारलं, साधं जेवण आणि ते जेवण एकाच चुलीवर होतं का? खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, विचारून सांगते.

१२ सप्टेंबर, शुक्र.
देवधर: "भात एकाच पातेल्यातला. भाताला कळतं का कुणाच्या पानात जाणार ते?"
आहे तसं सुभद्राबाईला सांगितलं. विचार करत बसली. तिची रेघ कुठे पडते याची मला उत्सुकता होती, आणि धाकधूकही.
"भात समद्यांचाच आसतो," म्हणाली. "वडं नगं. खीर नगं. आमसूल नगं."
आणि वाढायचं?
विमल पुढे झाली, मी वाढते, माझं कुंकू आहे. आवाज शाळेतला. मला ते कसंसंच झालं. सुभद्राबाईलाही झालं असावं, कारण तिने माझ्याकडे हात केला. "पळी द्या हिकडं. आमचं आमी वाढून घेतू."
मी मागे उभी राहिले. तिने आधी दुसऱ्यांना वाढलं, मग स्वतः घेतलं. सगळे आले. हात जोडणारे म्हातारे मात्र नाही.
पळी तिने धुऊन आपल्या गाठोड्यात ठेवली. "उद्या लागंल."

१६ सप्टेंबर, मंगळवार
दशमी. ह्यांची तिथी.
नणंदेचा, मालूताईंचा, सकाळीच फोन. "वहिनी, केलंत ना सगळं? कावळा शिवला?" म्हटलं, पारवे आले. "अहो, पारवे काय?" म्हटलं, मालूताई, कोथरुडात गच्चीवर जे येतं ते असं आहे. फोन ठेवला त्यांनी.
खीर ह्यांना कधीच आवडली नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून खायचे. पान ठेवलं ते बटाट्याची भाजी आणि पोळीचं. पारव्यांनी पोळी नेली.
दुपारी शेडमध्ये सुभद्राबाईने बघितल्याबरोबर विचारलं, आज चेहरा असा का? सांगितलं. वाटलं, आता पळी परत देईल. तिने भात वाढता वाढता विचारलं, "काय आवडायचं मालकास्नी?" बटाट्याची भाजी, म्हटलं. डब्यात आज तीच होती. तिने एक ताट भरलं आणि माझ्यापुढे केलं. "बसा."
बसले. जेवले. आधीही जेवले होते, पण जेवले.

२१ सप्टेंबर, रवि. सर्वपित्री
आज पंधरवडा संपला. देवधरांकडे सकाळपासून रांग, एवढी खीर मी जन्मात पाहिली नाही. आम्ही वरण-भात आणि दोडका नेला. विमलला दोडक्याचा वास स्वप्नात येतो म्हणे.
सुभद्राबाई आज जेवली कमी. उद्या सकाळी नवऱ्याची नळी काढून बघणार आहेत. आपला आपण श्वास घेतो का ते. "घेतला तर बोलंल. न्हाई तर..." दोडका चिवडत बसली. निघताना म्हणाली, "उद्यापासून तुमी वाढा. दिस सरलं."
म्हटलं, हे सगळ्यांना चालेल का?
"त्ये उद्या बघा की."

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. सोसायटीत सकाळी झेंडूचा वास.
आम्ही पोचलो तेव्हा सुभद्राबाईची जागा रिकामी. चादर नाही, गाठोडं नाही. सिक्युरिटीवाल्याला विचारलं. सकाळीच आत बोलावलं तिला, सामान घेऊन गेली, अजून बाहेर आलेली नाही. पुढचं त्याला माहीत नाही. सामान घेऊन का, तेही नाही. वॉर्डात फोन लावून बघा म्हटलं, तर म्हणाला, पेशंटचं आडनाव सांगा. आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. बाकी सगळं विचारलं.
पळीही तिच्यासोबत गेली. विमल म्हणाली, आता? डब्यात वाटी होती. वाटीने वाढायला घेतलं. मीच. पहिलं ताट पुढे यायला जरा वेळ लागला, पण आलं. मग दुसरं. हात जोडणारे म्हातारे लांबून बघत होते. तिथूनच विचारलं, "काय आहे आज?" म्हटलं, बटाटा. विचार करत उभे राहिले. आम्ही निघेपर्यंत उभेच होते.
सुभद्राबाईपुरता भात, भाजी एका डब्यात बाजूला काढून सिक्युरिटीवाल्याकडे ठेवलाय. आत तिला नवऱ्याने विचारलं असेल का, जेवलीस का ते? तोंडाने विचारलं असेल का?
विमल म्हणतेय, बोहरी आळीत चल, नवी पळी घेऊ. म्हटलं, उद्या वाटीनेच वाढते. पळीवर नाव आहे ह्यांचं. हरवायची नाही.