आबा, बहिणीला विचारलं होतं का?

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. आपलं सगळं बोलून झालं होतं, मनात काही राहिलं नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आज लिहायला बसले, कारण मला तुमचा राग आलाय. सकाळी तुमच्या फोटोसाठी आणलेला हार अजून टेबलावरच पडलाय.

परवा पाटणचे एक निवृत्त सुभेदार फाईल घेऊन ऑफिसात आले. कोरेगावजवळची रस्त्याकडेची जमीन त्यांना दुसऱ्या एजंटानं दाखवली होती. पण कागद वैशालीताईंनी वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं त्यांच्या मेहुण्यानं बजावलं होतं. किती बरं वाटलं मला! जमिनीच्या धंद्यातल्या अठरा वर्षांत एवढंच तर कमावलं.

फाईल उघडली तर आपलीच जमीन. आईच्या नावची. ती गेल्यावर तुमचं, माझं आणि आपल्या धाकट्या सुनीलचं अशी तीन नावं लागली होती, आठवतं? आता सातबाऱ्यावर एकटा सुनील. मागं हक्कसोडपत्र जोडलेलं. वडिलांनी आणि बहिणीनं राजीखुशीनं हिस्सा सोडला म्हणे. खाली माझा फोटो, माझा अंगठा, माझी सही.

फोटोतल्या साडीवरून दिवस आठवला. त्या दिवशी नोंदणी कार्यालयात तुमच्या दोन व्यवहारांना मी साक्षीदार होते. तिसरा कागद तुम्ही पुढं सरकवलात. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, वाचलं का, मान्य आहे का? मी हसून म्हणाले, आबांनी आणलंय, मान्यच. साक्षीदाराला असं विचारत नाहीत, हे मला तेव्हा कळायला नको होतं का? दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविराम न सोडणारी मी!

आणि हे तुम्ही केलंत? तुम्ही?

या धंद्यात आले तेव्हा बाई काय जमिनी दाखवणार म्हणून लोक हसायचे. तुम्ही मला उन्हातान्हात बांधाबांधानं फिरवलंत. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलायला लावलंत. आणि पहिल्याच व्यवहाराला सांगितलंत, "सातबारा मागनं बघ. आदी इकणाऱ्याच्या बहिणीच्या घरला जा. तिच्या हातचा चा पी, आन इचार. सही घावती गं, मन घावत न्हाई."

त्यासाठी मी कुठं कुठं गेले, आबा! इस्लामपूरच्या एका बाईनं तर भावाचं नाव काढताच दार लावून घेतलं. तासभर पायरीवर बसले, मग चहा मिळाला. तो व्यवहार मोडला. तुम्ही पाठ थोपटलीत. माझ्या घरी मात्र तुम्ही कधी आला नाहीत विचारायला. रोज तर येत होता चहाला!

त्याच संध्याकाळी सुनीलला फोन केला. आधी इकडचं-तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आक्का, आबा म्हणालं, ती कमावती हाय, तिचं काय अडलंय? आन इचारलं तर रडंल. म्हणून न्हाई इचारलं."

म्हणजे मी पायावर उभी राहिले, हाच माझा गुन्हा. तुम्हीच उभी केलीत आणि तेच कारण धरलंत.

विचारलं असतं तर आनंदानं दिलं असतं, असं लिहिणार होते. खोटं कशाला बोलू? नसतं दिलं. भांडले असते, रडले असते, कदाचित शेवटी निम्मं सोडलं असतं. तुम्हाला ते रडणं चुकवायचं होतं. माझ्यासाठी, की स्वतःसाठी?

फाईल उघडली तेव्हा सुभेदार समोरच बसले होते. तुमची रीत आता गिऱ्हाईकांनाही पाठ झालीय. त्यांनी विचारलं, "ताई, ह्या बहिणीकडं कवा जायाचं?"

म्हटलं, "बहीण इथंच बसलीय. तिला कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी फाईल मिटली आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी.

काल वकिलांकडे गेले. पत्र रद्द करायचा दावा लावता येतो म्हणाले. पण साक्षीला उभं राहून सांगावं लागेल, की मी न वाचता सही केली. ते गावभर होईल, ताई, तुमच्या धंद्याचं काय? रात्रभर विचार केला. गप्प बसले तर नाव राहील. पण उद्या कुणा बहिणीच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?

दावा लावतेय, आबा. तुम्हाला लबाड म्हणणार नाही, एवढं वचन देते. वकिलांनी कितीही सांगितलं तरी नाही. जे झालं तेवढंच सांगेन. आयुष्यात एकच कागद मी वाचला नाही, कारण तो माझ्या वडिलांनी पुढं केला होता.

हिस्सा न सोडलेली तुमची लेक,
वैशाली