माधुरीला माहीत होतं

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. बीपी मोजायच्या पट्ट्या शिवायचं आमचं डिपार्टमेंट, पण आज जमिनीवर एक धागा नव्हता. मशीन पुसून हळदकुंकू, झेंडूच्या माळा. यंदा जर्मन साहेब स्वतः आला. बूट काढून माझ्या मशीनला कुंकू लावलं, नारळ काही त्याला फुटेना. सगळ्या हसल्या. मग इंग्लिशमध्ये भाषण, आणि एचआरची माधुरी मराठीत सांगत होती: आमच्यासारख्या बाहेरच्या कंपन्यांमुळे या राज्यात कितीतरी घरं चालतात, तुमचं घर ते आमचं घर. टाळ्या. मी पण वाजवल्या, जोरात. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

४ ऑक्टो.
काशिमीऱ्याच्या कंपनीतून परत फोन. सुपरवायझरची जागा आहे, लवकर कळवा. माधुरीला विचारलं. आमच्याच सोसायटीत राहते, दोघी एकदमच लाइनवर लागलो होतो, ती शिकत शिकत वर गेली. म्हणाली, "वेडी आहेस का? इथलं पर्मनंट सोडून कुठे जातेस? मी आहे ना." यांचं काम सुटल्यापासून घर माझ्याच पगारावर, उगाच रिस्क नको. नाही म्हणून कळवलं. फिलूलाही थांबवलं. ती पालीची, शेजारच्या मशीनवर बसते, तिलाही तिकडे जायचं होतं. म्हटलं, साहेबाने स्वतः पूजा केलेल्या मशीन काय हलवणारेत?

३ नोव्हें., सोम.
सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. शिवणकाम गुजरातच्या नव्या प्लांटला जाणार, जानेवारीपासून इथलं डिपार्टमेंट बंद. पुन्हा साहेब इंग्लिशमध्ये, माधुरी मराठीत. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने.
काशिमीऱ्याला फोन केला. जागा भरली.

५ नोव्हें.
जिन्यात गाठलंच तिला. कधीपासून माहीत होतं, एवढंच विचारलं. चाव्यांशी चाळा करत म्हणाली, "गणपतीपासून."
म्हणजे पूजेच्या आधी. "मी आहे ना" म्हणाली त्याच्याही आधी. कंपनीचं काय, ती परकीच, तिचा राग येऊन जाईल. पण ही? मला नणंद नाही म्हणून माझ्या पोरीच्या बारशाला हिला आत्या केलं, कानात नाव हिने सांगितलं आणि आता... जाऊ दे. नालायक बाई. जेवले नाही.

८ नोव्हें.
माधुरी घरी आली. मी चहासुद्धा विचारला नाही. म्हणे, बोलली असती तर तिचीच नोकरी गेली असती. आता साहेबाला सांगून इथल्या ऑफिसात माझ्यासाठी जागा काढलीये. "एकच आहे गं. बाकीच्यांचा हिशेब मिटेपर्यंत कुणाला बोलू नकोस. फिलूला तर अजिबात नको."
थोबाडीत द्यावीशी वाटली. उठून दार उघडलं, जा म्हणून. पण तोंडातून 'नाही' काही निघालं नाही. विचार करून सांगते म्हटलं.

९ नोव्हें., रवि.
उद्या माधुरीला हो की नाही ते सांगायचं. यांना अजून बोलले नाही.
दुपारी फिलूचा फोन. रडून आवाज बसलेला. "ताई, तुजी वर वलख हाय. आपला कायतरी व्हईल का? तुला काय कललं काय?"
मी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हटलं, "नाही गं. मला कोण सांगतंय?"