दुसऱ्या मजल्यावरची माहेरवाशीण

२ जून
आले एकदाची! बाबा विमानतळावर चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दोन वर्षांपूर्वी आईच्या दिवसकार्याला गावी आले, त्यानंतर आजच भेटले. आखातातल्या या शहरात, हूऱ्या नावाच्या वस्तीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली लॉन्ड्री, समोर केरळी हॉटेल, आणि खिडकी उघडली की भट्टीची वाफ तोंडावर. बाबांनी माझ्यासाठी कार्टूनवाली चादर आणून ठेवलीय. मला सतरावं संपत आलं, पण त्यांच्या लेखी मी अजून पाचवीतच आहे. मी ती लगेच अंथरली. चादर छान आहे.

६ जून
बाबा मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. पहाटे जातात, दुपारी तीनला येतात. तोवर राज्य माझं! गुहागरला मावशीकडे मी पाहुणी होते, इथे घरची मालकीण आहे. आज सुरमईचं कालवण केलं. मीठ जास्त पडलं. बाबा मिटक्या मारत जेवले आणि मग तांब्याभर पाणी प्यायले. त्यांना वाटलं, मला कळलं नाही.

१० जून
दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, आईच्या वयाची, सुती साडी, बोलणं थेट आपल्याकडचं. दुसऱ्या मजल्यावर राहते म्हणाली. माहेरी आता कुणीच उरलं नाही, हे सांगताना तिचे डोळे भरले. मला राहवलं नाही. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला आई कधी रिकाम्या हातानं जाऊ द्यायची नाही. मी हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घालून ओटी भरली, आणि आई म्हणायची तसंच म्हणाले, की आजपासून हे तुमचं माहेर. तिनं तीनदा विचारलं, खरंच ना? मी तीनदा हो म्हणाले. एकदम मोठी झाल्यासारखं वाटलं.

१३ जून
ती रोज येते. आता बेलही वाजवत नाही. दार आतून बंद असतं, तरी मी वळून बघते तर स्वयंपाकघरात असते. माहेरच्या घरात शिरायला कुणाला विचारायचं, म्हणाली. आज कालवण तिनंच केलं. बाबांनी मला शाबासकी दिली, आईच्या हातची चव आली म्हणाले. शाबासकी मी घेऊन टाकली. लिहितानाही लाज वाटते.

१६ जून
वॉचमन शहजादला विचारलं. दुसरा मजला दीड वर्ष बंद आहे, नळाला पाणीसुद्धा नाही म्हणाला. मावशीला फोन केला. ती म्हणाली, कोण कुठली ते न विचारता तिला माहेर देऊन बसलीस? लेक मानलंस, आता लेकीला घराबाहेर कसं काढणार?

१८ जून
ती माझा पंजाबी ड्रेस घालून बसली होती. वयानं लहान दिसते आता. माझ्याएवढी.
बाबांनी माझ्या सातवीच्या बक्षिसाची गोष्ट काढली. तिनं सगळं बरोबर सांगितलं. मी दारात उभी. बाबांनी पाय आवरून घेतले, परकं कुणी आलं की घेतात तसे.

२० जून
दोनच ताटं. त्यांचं आणि तिचं. मी समोर बसले तर बाबा घास घेईनात. अवघडून थांबले होते — मी जायची वाट बघत.
मावशी फोन उचलत नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

२१ जून
कंगव्यात पांढरे केस. माझे.
आईचा चेहरा आठवेना. कपाळ आठवतं, पुढे — नाही. तिचं नाव तरी लिहून ठेवते. तिचं नाव —

२२ जून
जिन्यात बसून लिहितेय. तीनला बाबा आले. मी वाट अडवली, पाय धरले, म्हटलं बाबा, मी मृणाली. ते घाबरले. हळूच पाय सोडवून घेतले आणि हिंदीत म्हणाले, बहनजी, आप गलत घर में आयी हैं.
हिंदीत. माझे बाबा. माझ्याशी.
दार लागलं. आत ती हसतेय. आता बाबांनी हाक मारली, मृणाली, चहा टाक गं. मी इथूनच ओरडले, आले बाबा —
पावलं थांबली. ऐकलं त्यांनी! दाराशी आलेत. कडी काढतायत — नाही. नाही, बाबा, कडी लावू न