पहाटेचं पाणी

३ ऑक्टो., शुक्र.
लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात म. आणि मी नदीच्या पायऱ्यांवर पेरू खात बसलो होतो. बाटलीतला गाळ खाली बसायची वाट बघत. तपकिरी बसला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. तपकिरी बसला. म. म्हणाला, "चला, गोदावरी मजेत आहे." एवढंच. का आठवलं कोण जाणे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, त्याची तपासणीची पेटी आता मी नेते.

आज बंधाऱ्यापाशी अकरा थेंब. जितके थेंब, तितका प्राणवायू. उत्तम. पाणी हिरवंगार. रुक्मिणने तिथंच जाळी लावून मासे वाढवलेत, माझ्या शब्दावर. तिचा दीर मला बाटलीवाल्या मॅडम म्हणतो.

४, शनि.
रुक्मिण सोनपेठच्या बाजारात भेटली, खुशीत. रोज पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, भुकेले आहेत म्हणून पेंड वाढवलीय म्हणाली. मीही हसले. घरी मेथी निवडताना हात थांबला. भूक पहाटेच कशी लागते?

वही काढली. सगळ्या नोंदी दुपारी तीनच्या, कारण एसटी दोनची. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे, तळाशी कुजणारी पेंड, सगळे मिळून तो संपवतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पहाटे एकदाही गेले नाही.

५, रवि.
रिक्षा करून उजाडायच्या आत गेले. दोन थेंब. परत केलं. दोनच. लहानपणी शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना तोंडात आली, अर्धीच आठवली.

रुक्मिण पेंडीची पाटी घेऊन उभी. तिचा हात धरला. "भूक नाही गं ही, दम कोंडतोय त्यांचा."

तिनं पाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमीच तर म्हनलात, पानी लय चांगलं हाय."

चुकलं माझं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर्षाची सगळी मेहनत त्या जाळीत.

दीर म्हणाला, मॅडमची बाटली दुपारी झोपेतून उठायलीय जनू. 

६, सोम.
आभाळ भरलेलं. ऊन नाही, म्हणजे दिवसाही शेवाळाकडून फारसं काही मिळणार नाही. पेंड बंद केलीय. मासे आत्ताच काढ म्हटलं रुक्मिणला, तर म्हणे, अजून वीतभर न्हाईत बाई, दिवाळीच्या बाजारापर्यंत तरी ऱ्हाऊ द्या.

बोअरचं पाणी सोडू का, तिनं विचारलं. तपासलं. गाळ पांढराशुभ्र. जमिनीखालच्या त्या पाण्यात काहीच नाही, तसंच सोडलं तर उरलेलंही जाईल. उंचावरून फवारा करून पाडायचं, पडता पडता हवा धरेल. दीर बांबू बांधायला लागला. पण रात्री लाइट गेली तर…

७, मंगळ.
पहाटे तीन थेंब. फवाऱ्याने एक वाढला, की मी तशी आशा धरून मोजलं? सात मासे मेलेले. रुक्मिणने टोपलीखाली झाकले होते, मला दिसू नयेत म्हणून. त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी लेक आली. उद्या परभणीला माझा मोतीबिंदू काढायचाय. पुढे ढकलू म्हटलं. तर म्हणे, आई, तीनदा ढकललंस. आणि नंतर महिनाभर नदीवर जायचं नाही. मला डोळ्याची भीती नाही वाटत, इथल्या पहाटेची वाटते.

८, बुध., पहाट
गाडी सातला. आभाळ तसंच. लेकीने हे पान वाचून ज्याचं त्याला पोचवावं.

पेटी, बाटल्या रुक्मिणला. काल तिच्याकडून दोनदा करून घेतलं, हात स्थिर आहे. आम्लाची बाटली मात्र हातमोजे घालूनच. मोजायचं उजाडायच्या आत. गाळ पांढरा दिसला तर थेंब मोजत बसू नये, मासे काढावेत, वीतभर असोत नाहीतर बोटभर.

वही तालुक्याच्या मत्स्य कचेरीत. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय: सर्व नोंदी दुपारच्या, यावर भरवसा ठेवू नये.

इन्व्हर्टर आणि कूलरमधला छोटा पंप रुक्मिणच्या दिराला, आजच. लाइट गेली की तेवढं तरी पाणी वरून पडत राहील. पुरेल का, मला सांगता येत नाही.