बेटावरून आलेला तागा

मी, बिबिझार ओतेगेनोवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार काराकाईक, अराल समुद्राचा काठ (काठ आहे तिथेच आहे, समुद्र निघून गेला), धंदा पूर्वी साथ-प्रतिबंधक केंद्रात निर्जंतुकीची भट्टी सांभाळणे, सध्या गुडघे सांभाळणे, असे लिहून ठेवते की मला वाचता येते, मोजता येते, कोण माझ्या मरणाची वाट बघतो तेही कळते. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालू शकणारी माणसं एव्हाना स्वतःच मातीआड गेली.

कलम १. राहते घर माझा मुलगा झोल्दास याला द्यावे. छप्पर गळत नाही, कारण आमच्याकडे पाऊस पडत नाही. समुद्राच्या तळाचं मीठ वाऱ्यावर येतं तेव्हा खिडक्यांना ओली फडकी लावावीत. सून अनार हिला सगळी भांडी. तिला उंटिणीचं दूध आंबवता येत नाही असं मी पंचवीस वर्षं म्हणत आले. येतं. हे तिला माझ्या पश्चात वाचून दाखवावे. आत्ता सांगितलं तर डोक्यावर बसेल.

कलम २. उंटीण झोल्दासचीच. ती चावते. तो तिच्यावरच गेला आहे.

कलम ३. माझ्या तीन वह्या नात मेरुएर्त हिला, जी परिचारिकेचं शिकते आहे. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांवर झालं, म्हणून वह्यांत अक्षर वाईट आणि मजकूर त्याहून वाईट आहे. माणसाने रोगाला सैन्यात भरती कसं केलं, त्याची ती हकीगत.

नातीने पहिल्या पानावर फुशारकी मारू नये. सहा-सात शतकांपूर्वी काळ्या समुद्राकाठी काफा नावाचं शहर होतं. आपल्याच गवताळ मुलखातल्या घोडेस्वारांनी त्याला वेढा घातला आणि प्लेगने मेलेले आपलेच लोक गोफणयंत्रात घालून तटापलीकडे फेकले, असं एका जुन्या लेखकाने लिहून ठेवलं आहे. खरं किती, देव जाणे. पुढे अमेरिकेतल्या एका किल्ल्यात गोऱ्या साहेबांनी तिथल्या मूळ लोकांना दोन घोंगड्या आणि एक रुमाल भेट दिला. देवीच्या रोग्यांच्या दवाखान्यातला. आहेर कसा करावा हे सभ्य लोकांकडून शिकावं. त्यानंतर जपान्यांनी चीनमध्ये पिसवा सोडल्या. मग आमच्या सरकारला वाटलं, आपणच का मागे राहावं? समुद्राच्या मधोमध एक बेट होतं, त्यावर प्रयोगशाळा काढली. बेटाचं नाव 'पुनर्जन्म'. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती किंवा मुळीच नव्हती.

बहात्तर साली मोठमोठ्या देशांनी ठराव केला की रोगाची हत्यारं कुणी करायची नाहीत. आमच्या सरकारनेही सही केली, सुंदर अक्षरात. त्यानंतर बेटावर काम वाढलं.

कलम ४. कामाचं प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढून चुलीत घालावे. ते एकाहत्तर सालच्या कामाबद्दल आहे. त्या साली आमच्या बंदरात देवी आली. कुठून आली ते कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला फार लांब पाठवत असत. आगगाडी स्टेशनावर न थांबता जायची. दोन आठवड्यांत हजारो दंडांवर लस टोचली गेली, घरंच्या घरं बंद केली गेली आणि वर्तमानपत्रात कापसाचं पीक उत्तम आल्याचं छापून आलं. आम्ही ती साथ थोपवली, हे मात्र खरं. ज्यांनी रोग पाळला त्यांना पदकं मिळाली. ज्यांनी तो आवरला त्यांना कागद.

माझं काम भट्टीचं. ज्या घरात ताप, त्या घरातलं अंथरूण-पांघरूण उकळायचं, नाहीतर जाळायचं. माझी मोठी जाऊ बालतुगान हिच्या शेजारची खोली बंद झाली, आणि मी तिच्या बारा रजया उचलल्या. तिच्या आईने उंटाची लोकर भरून तिच्या लग्नासाठी शिवलेल्या. तिने माझे पाय धरले. मी जाळल्या. तेव्हापासून ती माझ्याकडे रोज चहाला येते आणि रोज गार वाजतंय म्हणून सांगते. बावन्न वर्षं. उन्हाळ्यातही.

कलम ५. आता पलंगाखालची कुलूपबंद पेटी. हे कलम नीट वाचावे. मृत्युपत्र याच्यासाठी लिहायला घेतलं, घर आणि उंटीण ही तोंडी लावायला.

एक्क्याण्णव साली राज्य मोडलं, शिपाई बेट सोडून गेले, तेव्हा अर्धा जिल्हा तिकडे भंगार आणायला धावला. नळ, तारा, फरशा. समुद्र एवढाच काय तो राखणदार होता, तोही आटत चालला होता. आमचे हेही गेले. येताना पाठीवर एक तागा घेऊन आले, चाळीस मीटर पांढरंशुभ्र सुती कापड, मेणकागदात गुंडाळलेलं. म्हणाले, "बघ, सरकारी माल. तुझ्यासाठी."

पेटीत ठेवला, कुलूप घातलं. जाळायला भट्टी होती, रॉकेल होतं, अनुभव तीस वर्षांचा होता. फक्त हात होईना. माणूस मैलोगणती मिठातून चालत माझ्यासाठी कापड घेऊन आला होता.

हे वारले तेव्हा बायका म्हणाल्या, काढ तो तागा, तुकडे करून वाटू. आमच्यात म्हातारं माणूस गेलं की त्याच्या नावाने कापड फाडून मयताला आलेल्यांना वाटतात. त्याचं आयुष्य आपल्याला लागो म्हणून. मी घाबरले आणि वेळ मारून न्यायला म्हणाले, "ते माझ्यासाठी राखलंय." एवढं बोलले आणि स्वतःच्या हाताने घोळ घातला. कारण म्हातारं जितकं जास्त जगतं, तितकी त्याच्या तुकड्याची ओढ जास्त. गेली वीस वर्षं गावातली प्रत्येक आई माझ्या तब्येतीची चौकशी करते. तुकडा तान्ह्या बाळाच्या झबल्याला शिवायचा असतो. मला एक खोकला आला तरी चार दारं उघडतात.

त्या कापडात काही आहे का? मला माहीत नाही. बहुधा नसेल. म्हणून आज्ञा करते की माझ्या मयताच्या दिवशी झोल्दासने पेटी न उघडता

इथे लेखणी थांबली, कारण जाऊबाई आल्या. बोलणं झालं ते जसंच्या तसं उतरवते.

"काय खरडतेस?"

"मृत्युपत्र."

"मग माझं नाव घाल. पेटीतला पहिला तुकडा माझा. मोठी आहे मी."

"तुम्ही माझ्याआधी जाल, जाऊबाई."

"त्या भरवशावर राहू नकोस. पणतवाच्या झबल्याला लावायचाय मला. दातसुद्धा आले नाहीत अजून त्याला. चहा घाल, गार वाजतंय."

मी चहा घातला. मग म्हणाले, "तो तागा बेटावरचा आहे."

"कुठल्या बेटावरचा?"

"आपल्याकडे बेटं किती आहेत?"

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा हात एवढा स्थिर मी पाहिला नव्हता.

"माझ्या रजया नेल्यास तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"आठवतंय."

"म्हण."

"बहुधा काही नसेल. पण बहुधाच्या भरवशावर मी गाव टाकणार नाही."

"आणि हा?"

"बहुधा काही नसेल," मी म्हणाले.

"वा. तुझ्या नवऱ्याने आणलं ते कापड आणि माझ्या आईने शिवल्या त्या चिंध्या."

एवढी वर्षं मी त्यांना उत्तरं देत आले आहे. या वेळी अर्धं राहिलेलं कलम वाचून दाखवलं: झोल्दासने पेटी न उघडता जाळावी.

"झोल्दासवर टाकतेस? तो तर कुलूप कसलं आहे तेच आधी बघेल. फोन कुठंय?"

साथ-प्रतिबंधक केंद्राला फोन त्यांनीच लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, जनावर मेलंय की माणूस, आणि वर सांगितलं की कार्यालय सोमवारी उघडेल. जाऊबाई म्हणाल्या, "माणूस मरायचंय अजून. सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगते तिला, पण ती कुणाचं ऐकत नाही. तुझ्या वरच्याला बोलाव."

वरची आली. डॉक्टर रायगुल तिनिशबायेवा, मला नात शोभेल एवढ्या वयाची, नखशिखांत झाकलेली, बरोबर दोन माणसं. मी पलंगाखाली वाकू लागले तर म्हणाली, "आजी, हात लावू नका. तुमचं काम झालं."

बरं वाटलं. तीस वर्षं हेच वाक्य मी लोकांना सांगत होते, इतक्या गोड आवाजात मात्र कधी नाही.

पेटी कुलपासकट दुहेरी पिशवीत बांधली, जमीन पुसली, आम्हा दोघींचा ताप रोज मोजायला सांगितला. झोल्दास दारात उभा होता. गावही उभं होतं. बातमी काय झाली असेल ते लिहीत नाही. काराकाईकमधली सर्वांत स्वच्छ बाई, असं मला म्हणत.

म्हणून कलम ५ रद्द. तागा दूरच्या शहरातल्या भट्टीत गेला. नमुन्याचं उत्तर यायचं आहे. मी त्याच्यासाठी सही अडवून ठेवलेली नाही. मेरुएर्तने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे: रोगाची हत्यारं करायला बेट, लष्कर आणि चाळीस वर्षं लागतात. त्यांच्यापासून वाचायला लस लागते, फोन उचलणारं कुणीतरी लागतं आणि आपल्या घरातली वस्तूही दुसऱ्याच्या घरातली असल्यासारखी बघावी लागते. यातलं शेवटचं माझ्याच्याने झालं नाही. करून घ्यावं लागलं.

कलम ६. माझ्या नावाने लोकांना रिकाम्या हाताने पाठवू नये, असं जाऊबाईंचं म्हणणं. तेव्हा माझा रोजचा पांढरा डोईचा रुमाल फाडावा. तुकडे बोटाएवढे होतील. पण हजार वेळा उकळलेले असतील, एवढी हमी देते. फाडण्याचा मान बालतुगान ओतेगेनोवा यांचा. त्या आधी गेल्या तर हे कलमही रद्द, कारण दुसऱ्या कुणाला सरळ फाडता येत नाही.

लिहून ठेवणार: बिबिझार ओतेगेनोवा (सही)

साक्षीदार १: डॉ. रायगुल तिनिशबायेवा. माझ्यासमोर सही केली. दोघींनाही ताप नाही. (सही)

साक्षीदार २: बालतुगान ओतेगेनोवा. मला सगळं वाचून दाखवलं. रजया बारा नव्हत्या, चौदा होत्या. त्या जाळायलाच हव्या होत्या. (सही)

स्थळ: काराकाईक
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३