ओढ्याचं पाणी कुणी तपासलं

बिश्केक, १९ एप्रिल

प्रिय सायकाल एजे,

ओशमध्ये जर्दाळू फुलून गेले असतील. इथं अजून एखाद्या सकाळी काचेवर बर्फ असतं. तुझे डोळे कसे आहेत? शिवणखान्यातले नवे दिवे टोचतात म्हणाली होतीस, तर मालकिणीला स्पष्ट सांग. तू पाठवलेला कुरुत पोचला, वाळवलेल्या दह्याचे ते खारट गोळे. निम्मा प्रयोगशाळेतच फस्त झाला, उरलेला मी लपवून ठेवलाय. धाकट्या बहिणीला वाटून खायची सवय तू लावायला हवी होतीस.

फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस आणि मला विषय बदलायला निमित्त मिळतं. म्हणून पत्र.

आधी कामाचं सांगते, कारण त्यानं मला वेड लावलंय. मीठ म्हटलं की तुझ्यासमोर खडे येतील. खायचं मीठ वितळवायला भट्टी लागते. पण काही मिठं टेबलावर ठेवली तरी द्रवच राहतात, मधासारखी दाट. बाटली उघडी राहिली तरी उडून जात नाहीत. आयनिक द्रव म्हणतात त्यांना. असा द्रव घाण पाण्यात घालून हलवायचा आणि थांबायचं. पाणी वर, माझं मीठ खाली. आणि पाण्यातला कॅडमियम हा विषारी धातू त्या खालच्या थरात! सौम्य आम्लानं धुतलं की धातू सुटतो, द्रव पुन्हा वापरायला मोकळा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तीच बाटली दहा वेळा हलवली. पाण्यात इतकी वर्षं सुखानं राहिलेला धातू तिकडं का जातो? थोडं कळलंय, बरंचसं नाही.

पाणी कुठलं, हे तू विचारशीलच. कोक-बुलाकचं. जुन्या खाणीच्या गाळाखालून येऊन तुझ्या ट्राउट माशांच्या तळ्यात जायचा तोच ओढा. सप्टेंबरपासून मी तिथं जातेय, तुला न सांगता. सामान ठेवायला शेड दिली तुझ्या तिथल्या शेजाऱ्यांनी, मामबेताली आकेंनी.

कागद फेकू नकोस, एजे. पुढं वाच.

ऑक्टोबरात पहिला प्रयोग केला. कॅडमियम जवळजवळ संपलं. मी नाचायचीच बाकी होते. आकेंनी दोन खोरी पलीकडून ट्राउटची पिल्लं आणून साफ केलेल्या पाण्याच्या पिंपात सोडली. दुपारच्या चहापर्यंत सगळी पोटं वर करून तरंगत होती.

"पाणी साफ केलंस ना पोरी?" ते म्हणाले. "मग ही कशानं मेली?"

"माझ्या द्रवानं. थोडासा पाण्यातच राहिला."

"मग खाणीत आणि तुझ्यात फरक काय?"

त्यांनीच पिंप उपडं केलं, लांब, खड्डा खणून. मग म्हणाले, "ते औषध पाण्यात मोकळं सोडायलाच हवं का? कुत्र्यालासुद्धा आपण बांधून ठेवतो."

तेवढ्या वाक्यावर माझा हिवाळा गेला. आता दुसरा द्रव आहे, पाण्यात न विरघळणारा. तो मोहरीएवढ्या सच्छिद्र मण्यांत मुरवलाय आणि मणी नळीत भरलेत. पाणी त्यातून जातं, धातू मागं राहतो, द्रव जागचा हलत नाही. मार्चमध्ये सोडलेली पिल्लं पाच आठवडे जिवंत आहेत आणि माझं बोट चावतात. पण खोटी आशा दाखवत नाही. नळी दिवसाला चाळीस बादल्या साफ करते, तुझ्या तळ्याला अख्खा ओढा लागतो. तळं परत मिळेल की नाही, मला माहीत नाही.

ते पिंप उपडं केलं त्याच संध्याकाळी मी आकेंना विचारलं होतं, "एजे तुमच्याबद्दल काय काय बोलली, तरी मला शेड का दिलीत?"

ते सुरी पुसत म्हणाले, "तळं बंद झालं त्या वर्षी तू तिच्याकडं पाहुणी आली होतीस, तेव्हा तुला ओढ्यावर बाटली भरताना पाहिलं मी."

एजे, तुझ्या तळ्याची तक्रार त्यांनी केली नव्हती. मी जिथं जाते तिथलं पाणी बाटलीत भरून नेते, ते तुला माहीत आहे. तसंच तेही नेलं, नुसत्या कुतूहलानं. कॅडमियमचा आकडा पाहिला आणि मीच सरकारी कार्यालयाला कळवलं. लोक ते मासे खात होते, कळवणं भागच होतं. पण आधी तुझ्याकडं यायला हवं होतं. नंतर तळ्याला सील लागलं, तू त्यांच्या दारात उभी राहून "माझे मासे तुला बघवले नाहीत!" म्हणून ओरडलीस, आणि मी तुझ्यामागं तुझी शाल हातात धरून गप्प उभी होते. आकडा खरा होता. ते गप्प राहणं खोटं होतं.

"तेव्हाच बोलला का नाहीत?" मी त्यांना विचारलं.

"तिचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता. तिला तू एकटीच उरली होतीस."

चार वर्षं त्यांनी ते सोसलं. त्यांची बायको वारली तेव्हा तू मयताला गेली नाहीस. मी गेले, आणि तू का आली नाहीस असं लोकांनी विचारल्यावर "कामात आहे" असं मीच सांगितलं.

१३ मेला आकेंच्या बायकोला जाऊन वर्ष होतं, त्याचं जेवण आहे. तू ये. जेवायला आलेल्या सगळ्या गावासमोर मी सांगणार आहे की कळवणारी मी होते, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्यांच्या चटईवर बस, त्यांच्या हातची भाकरी मोडून खा. माझ्याशी समेट नंतर, आधी त्यांच्याशी.

'तुझी' असं लिहायचा हक्क आता तू देशील तरच. तोवर नुसतीच,

आयचुरोक